स्टँडपर्यंतची जाड रेघ

रविवार, ५ जानेवारी

ही वही काशीने दिली. वर्गातल्या सगळ्यांना एकेक दिली. "रोज जे दिसलं ते लिहायचं. ऊन, वारा, पाणी, मुंगळे, माणसं. मला दाखवायची नाय," म्हणाली. चौतीस वर्षं जव्हार डेपोत कंट्रोलर म्हणून गाड्यांच्या नोंदी केल्या, निवृत्त झालो, आणि आता मुंगळ्यांच्या नोंदी. घ्या.

काशी साखरशेतची. शाळेत असताना सव्वासातच्या गाडीने जव्हारला यायची, पास हमखास विसरायची आणि माझी बोलणी खायची. आता ती शिकवते आणि मी तिच्या अंगणात गोणपाटावर मांडी घालून बसतो. शिकवते ते पर्माकल्चर. म्हणजे जागा आधी नीट बघायची, पाणी कुठून येतं, ऊन कुठे पडतं, माणूस कुठे वावरतो, आणि मग झाडं, वाटा, पाणी यांची अशी मांडणी करायची की पुढे जागा आपली आपण चालेल. एका संस्थेचा वर्ग आहे, दर रविवारी, दिवाळीपर्यंत. शेवटी प्रत्येकाने एका जागेचा आराखडा करून दाखवायचा. बारा जण आहोत. मी सोडून सगळे शेतकरी आणि माझ्या निम्म्या वयाचे.

तुम्ही का आलात, असं प्रत्येकाला विचारलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं मी सांगितलं. एक जण हसला.

माझी जागा म्हणजे घरामागचं परस. नऊ गुंठे, सगळा उतार, तळाशी विहीर. ही गेल्यापासून तिथे कमरेएवढं गवत माजलंय. ही म्हणजे माझी बायको. आमच्या मुलाला, सर्वेशला, मुलगी झाली तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून डोंबिवलीला गेली. ती मुलगी, स्वरा, आता साडेतीन वर्षांची आहे. सहा महिने अजून संपायचे आहेत.

साखरशेतहून जीपने परतलो तर फोनवर हिचे तीन मिस्ड कॉल. तिकडे रेंज नाही. परत लावला तर "काही नाही, सहज," म्हणाली. वर्गाचं बोललो नाही. उगाच हसेल.

संध्याकाळी पाय मोकळे करायला स्टँडवर गेलो. कल्याण गाडी वेळेवर, ५.१०. ओळखीचं कोणी उतरलं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. परसात ऊन ८.२० ला येतं, विहिरीच्या कठड्यावर ९.०५ ला. वारा पूर्वेकडून. मुंगळे अगणित.

हिचा फोन आला, तिळगूळ पाठवलाय म्हणाली, कल्याण गाडीच्या कंडक्टरकडे दिलाय. आणायला गेलो. डबा तोच, निळ्या झाकणाचा, आपल्या घरचाच. म्हणजे डबेही तिकडे गेलेत. कधी गेले कळलं नाही.

लाडू फार चांगले झालेत. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, मग नीलेशला एक दिला. नीलेश आता माझ्या खुर्चीवर बसतो.

रविवार, २ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं.

गेल्या रविवारी काशीने सांगितलं होतं, आठवडाभर आपण घरातून कुठे कुठे जातो ते नकाशावर मांडा, दर खेपेला एक रेघ. जिथे रोज पाय जातो तो पहिला झोन, तिथे रोजच्या गरजेचं लावायचं. जिथे क्वचित जातो तो लांबचा, तिथे मोठी झाडं. मी सगळ्यांपेक्षा टापटीप नकाशा केला, पट्टीने, दोन रंगांत. सवय आहे.

काशीने तो हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मोरीकडे सात रेघा, नळाकडे पाच, तुळशीकडे एक, परसात एक. आणि फाटकातून बाहेर, कागदाच्या कडेपर्यंत, सात रेघा एकावर एक, पेन्सिल दाबून दाबून जाड झालेल्या.

"ही कुठं चालली?"

"स्टँडवर."

"रोज?"

"जुनी सवय आहे."

"रोज एकाच टायमाला?"

"पाच वाजता. कल्याण गाडी असते."

काशी म्हणाली, "काका, तुमचा पहिला झोन तर एसटी स्टँड हाय."

अख्खा वर्ग हसला. मी नकाशा घेतला, घडी घातली, खिशात टाकला. जीपमध्ये वावर गावच्या एका बाईने विचारलं, कोणी यायचं असतं का गाडीने? म्हटलं, नाही हो, कोण यायचंय.

आज मुद्दाम गेलो नाही. पाच वाजता चहा केला. सव्वापाचला नीलेशला फोन केला. गाडी वेळेवर होती.

रविवार, ९ मार्च

आज लाकडाची ए-फ्रेम करून उतार मोजायला शिकलो. तीन काठ्या, एक दोरी, एक दगड. एवढ्यात समपातळी कळते. आमच्या डेपोच्या इंजिनिअरांकडे मोठमोठी यंत्रं होती, तरी पावसात फलाटावर तळं व्हायचंच.

आराखडा डोक्यात तयार झाला. जीपमध्येच झाला. परसातून विहिरीपर्यंत पायऱ्यांची वाट करायची, वळणं घेत. दोन्ही बाजूंना मोगरा. विहिरीपाशी बसायला दगडी बाक. हिला विहीर फार आवडायची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडे नळ नव्हता. मी दुपारच्या पाळीला निघायचो तेव्हा ही कळशी घेऊन वर येत असायची, पदर खोचलेला, केस कपाळाला चिकटलेले. मी फाटकाशी थांबून बघायचो. घाटात अडकलेल्या सगळ्या गाड्या उशिरा आल्या तरी चालेल असं वाटायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. काय सांगायचं असतं त्यात.

अशी जागा झाली तर माणूस डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर कशाला राहील?

काशीने एक फॉर्म दिलाय. ज्याच्यासाठी जागा करायची त्याची मुलाखत घ्यायची, दहा प्रश्न. त्याशिवाय आराखड्याला हात लावायचा नाही. घरी येऊन लगेच भरला. नाव: सौ. विद्युल्लता श्रीकृष्ण रसाळ. पाण्यासाठी कुठे जाता आणि कितीदा? विहिरीवर, हौसेने. आवडती जागा? विहिरीचा काठ. आवडतं फूल? मोगरा. नावडतं? काही नाही. अर्ध्या तासात दहाही झाले.

रविवार, १६ मार्च

फॉर्म परत.

"काका, हे अक्षर तुमचं हाय."

"मग कोणाचं असणार?"

"उत्तरं काकूंची ना?"

"छत्तीस वर्षांचा संसार आहे, काशी. मला माहीत नसेल?"

ती सगळ्यांना घेऊन शेतावर गेली. त्यांच्याकडे सध्या राबाचं काम चालू आहे. ऐनाच्या फांद्या तोडून वाळवतात, वाफ्यावर रचतात आणि पावसाआधी जाळतात, म्हणजे तणाचं बी मरतं आणि त्या वाफ्यात भात-नागलीचं रोप जोमाने येतं. नागली म्हणजे आपली नाचणी. काशीची सासू, फागी, फांद्या रचत होती. तिच्यासमोरच काशीने स्वतःची गोष्ट सांगितली.

"मी हा कोर्स शिकून आले ती शहाणी होऊन. म्हटलं, राब जाळायचा नाय, मातीतला जीव मरतो. सासूनं रचलेल्या फांद्या उचलायला लावल्या. पाल्याचं हे एवढं जाड आच्छादन घातलं आणि त्यात नागली पेरली. नागली आली दोन बोटं, गवत आलं गुडघ्याइतकं. लावणीला रोपच नाय. ही म्हातारी घरोघर रोप मागत फिरली."

वर्गातल्या प्रगतीने विचारलं, "आईंना आधी माहीत नव्हतं का, असं होणार ते?"

फागी फांद्या रचतच म्हणाली, "सगलं म्हाईत व्हतं. कोनी इचारला त सांगीन ना."

आता दोघींनी मिळून काढलंय, एका छोट्या वाफ्यापुरताच राब जाळायचा, बाकी शेतावर पाला. गोष्ट चांगली होती. पण नागलीचा आणि माझ्या फॉर्मचा काय संबंध ते समजलं नाही. कोरा फॉर्म पुन्हा दिलाय. खणात ठेवला.

कल्याण गाडी वेळेवर. ओळखीचं कोणी उतरलं नाही.

शनिवार, १९ एप्रिल

पायऱ्यांचं काम सुरू. दगड परसातलेच. माघ्या गवंडी आणि मी. माघ्या म्हणाला, विहिरीला आता कोण जातं, पंप हाय ना. म्हटलं, तू दगड बसव.

एकूण चौसष्ट पायऱ्या होतील.

हिला फोनवर म्हटलं, परसात काम काढलंय, आल्यावर बघशील. "कसलं काम?" "बघशील गं." मागे स्वराचं कार्टून चालू होतं. मग म्हणाली, "तुमच्या गुडघ्यांना जपा." मी म्हटलं, माझे गुडघे ठणठणीत आहेत, तुझेच दुखतात. "हो," म्हणाली, "माझेच."

ट्रंक हलवताना मधल्या खोलीतली खिडकी दिसली. तिथे हिचं शिलाई मशीन असायचं. दोन वर्षांपूर्वी तिने ते मागवून घेतलं. तिकडच्या बायकांचे ब्लाउज शिवते, वेळ जातो म्हणाली. मीच कल्याण गाडीच्या डिकीत चढवलं, नीलेशने पावती केली. जागा मोकळी झाली म्हणून तिथे माझी जुन्या रजिस्टरांची ट्रंक ठेवली. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. त्या दिवशी गाडी सुटल्यावर मी फलाटावर पुढच्या तीन गाड्या जाईपर्यंत उभा होतो. सहा महिन्यांसाठी गेलेलं माणूस मशीन मागवत नाही.

गुरुवार, २९ मे

पायऱ्या झाल्या. बाक झाला. मोगऱ्याची चाळीस रोपं आणून ठेवलीत, प्रगतीने मोखाड्याहून आणून दिली, तिच्या वडिलांची मोगऱ्याची शेती आहे. कढीपत्ता, लिंबू, सोनचाफाही आहे. सगळं खाली विहिरीजवळ.

ही मे महिन्यात येणार होती. सर्वेशच्या बायकोला रजा नाही म्हणून राहिलं.

कल्याण गाडी वेळेवर.

गुरुवार, १० जुलै

सोमवारपासून वीज नाही. घाटात तारांवर झाड पडलंय. पंप बंद आणि नळालाही पाणी नाही. पाऊस असा की समोरचं घर दिसत नाही, आणि घरात प्यायला थेंब नाही. जव्हारात हे नवीन नाही. पागोळ्यांखाली बादल्या लावल्या, पण ते धुण्याभांड्याला. पिण्याचं विहिरीवरून.

सोमवारी पहिल्याच खेपेला घसरलो. घराच्या छपराचं सगळं पाणी माझ्या पायऱ्यांवरून धावत होतं. एवढी ए-फ्रेम शिकून मी पाण्यालाच वाट बांधून दिली. गुडघा सुजला. तरी पाणी आणायलाच हवं. एका माणसाला चार खेपा लागतात. चौसष्ट पायऱ्या खाली, चौसष्ट वर, एका हातात कळशी, दुसरा हात भिंतीला. वर आल्यावर प्रत्येक वेळी पायरीवर बसावं लागलं. कपाळावरचे केस चिकटले होते.

आज चौथा दिवस. पायरीवर बसलो आणि हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला, त्याला मी काय करू. आम्ही तेव्हा पाच माणसं होतो, आई-वडील होते. पाणी, धुणं, सगळं धरून दिवसाला सोळा खेपा तरी असणार. नळ आला एकोणीस वर्षांनी. माहेरपणाचे दिवस वजा केले तरी आकडा लाखाच्या खाली येत नाही. आणि तेव्हा पायऱ्याही नव्हत्या, नुसता निसरडा उतार होता.

एक लाख वेळा. आणि मी फाटकाशी उभा राहून बघत होतो आणि मला ते छान वाटत होतं. एकदाही कळशी हातात घेतली नाही. ड्यूटीचा युनिफॉर्म भिजेल म्हणून.

फॉर्ममध्ये मी लिहिलं होतं, हौसेने.

रविवार, १३ जुलै

वर्गाला लंगडत गेलो. काशीला सांगितलं, आराखडा चुकला. तिने फक्त विचारलं, "कोरा फॉर्म हाय ना घरात?" फागीने गुडघ्याला कसलासा पाला वाटून लावला. बरं वाटलं.

रविवार, १० ऑगस्ट

चार रविवार गेले. रोज फोन हातात घेतो आणि ठेवतो. छत्तीस वर्षांत बायकोला प्रश्न विचारायचे म्हणजे काय विचारलं असेल? जेवण झालं का. किल्ली कुठे आहे. माझा पट्टा बघितलास का.

आज लावला.

"अगं, एक फॉर्म भरायचाय."

"पेन्शनचा?"

"नाही. वर्गाचा."

"कसला वर्ग?"

मग सगळं सांगावं लागलं. साखरशेत, काशी, दर रविवार. ती ऐकत राहिली, मग हसायलाच लागली. "म्हणजे रविवारी फोन लागत नाही तो यासाठी? मी आपली दर रविवारी…"

"दर रविवारी काय?"

"काही नाही. विचारा तुम्ही."

मी विचारलं, तिने सांगितलं, मी लिहून घेतलं. तिच्या शब्दांत, काशीने बजावलंय तसं.

सकाळी उठून पहिल्यांदा कुठे जाता? "डोंबिवलीत गॅलरीत. जव्हारला कुठे जायची? पाण्याला."

कुठे बसायला आवडतं? "पुढच्या ओट्यावर. पण तुम्ही कण्हेर लावलीत ना एवढी उंच. रस्ता दिसत नाही, माणूस दिसत नाही."

"आडोसा म्हणून लावली होती."

"कोणापासून?"

मी पुढचा प्रश्न घेतला. काय लावावं? "हाताशी येईल असं. आमटी उकळत असताना कढीपत्ता आणायला उतार उतरायचा नाही. अळू, गवती चहा, मिरची. मोरीच्या पाण्यावर केळ."

"मोगरा?"

"असू दे की. कुठे लावलाय?"

"विहिरीपाशी. पायऱ्या केल्यात, चौसष्ट."

मग म्हणाली, "मी होते तेव्हा नाही सुचल्या पायऱ्या?"

तोंडात मारल्यासारखं झालं. खोटं कशाला लिहू. म्हटलं, "नाही सुचल्या. चुकलं माझं." हे वाक्य मी तिला याआधी म्हटलंय का, आठवत नाही. तिलाही आठवत नसावं, कारण ती एकदम म्हणाली, "बरं, पुढचा विचारा, स्वरा उठेल."

तीन प्रश्न राहिले. उद्या.

सोमवार, ११ ऑगस्ट

आठवा. या जागेत काय नको? "विहीर."

"विहीर बुजवता येत नाही गं."

"बुजवा कुठे म्हणतेय? मला तिकडे पाठवू नका म्हणजे झालं."

नववा. घरात काय बदलावंसं वाटतं? "मशीनपाशी उजेड नव्हता. खिडकीचं दार तुम्ही खिळे मारून बंद केलंत, माकडं येतात म्हणून. मी दिवसाढवळ्या दिवा लावून शिवायची."

दहावा. या जागेत तुम्हाला कशाची उणीव वाटली?

हा प्रश्न मी वाचला आणि वाचल्यावर भीती वाटली. ती म्हणाली, "लिहिणार आहात?" म्हटलं, लिहावं लागतं.

"मी माहेराहून यायची, कल्याण गाडीने. तुम्ही स्टँडवर असायचात. खिडकीतून मला हात करायचात आणि रजिस्टरात गाडी लिहायचात. मग मी पिशव्या घेऊन चालत घरी यायची आणि कुलूप उघडायची. सासूबाई गेल्यानंतर तर नेहमीच. इतकी वर्षं वाटायचं, एकदा तरी आपण यावं आणि दार उघडं असावं."

मी लिहिलं. प्रश्न दहावा. उत्तर: दार उघडं असावं.

मला आणखी एक विचारायचं होतं. पण तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही.

आज हिची फार आठवण येतेय. आवाज ऐकला की कमी व्हायला हवी, पण तसं होत नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

काशीने फॉर्म वाचला. ओढणीने डोळे पुसले आणि धूर गेला म्हणाली. चूल आत होती, आम्ही अंगणात.

मी म्हटलं, "यात एक प्रश्न कमी आहे."

"मंग अकरावा तुमी घाला. खाली जागा हाय."

रविवार, १४ सप्टेंबर

महिनाभर मातीत आहे. मोगऱ्याची रोपं एकेक करून मातीच्या गोळ्यासकट वर आणली, ओट्याच्या दोन्ही बाजूंना. चाळीसातली एकोणतीस जगली. कण्हेर कमरेइतकी छाटली. शेजारच्या सकूबाई म्हणाल्या, "अगोबाई, तुमच्या घराला तोंड आहे होय." मोरीच्या पाण्याला आळं करून तीन केळी. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता, अळू, मिरची. छपराचं पाणी पन्हाळीतून टाकीत. उरलेलं परसात समतल चर खणून जिरवलं. पायऱ्यांवर आता पाणी येत नाही, त्यांच्यावर शेवाळ धरलंय. बाक तिथेच आहे, त्यावर माझे मी बसतो.

मधल्या खोलीतली ट्रंक काढली. खिळे उपटले. खिडकीला जाळी बसवली. सकाळी साडेसात ते साडेअकरा तिथे नुसता उजेड पडलेला असतो. जमिनीवर मशीनच्या पायांचे चार डाग अजून आहेत.

आज अकरावा प्रश्न लिहिला आणि फोनवर वाचून दाखवला. वाचूनच दाखवला, पाठ म्हणायची हिंमत नव्हती.

"प्रश्न अकरावा. येशील का?"

"दिवाळीला येतेय की. वसुबारसेला. आठ दिवस."

"आठच?"

"स्वराची शाळा दुपारपर्यंतच असते. मग तिला कोण बघणार? सर्वेश पाळणाघर बघतोय म्हणतो, बघू दे." आणि मग, "एवढी वर्षं विचारलं नाहीत ते."

"मला वाटलं, तू येशीलच."

"मला वाटलं, तुम्हाला आता सवय झाली."

पलीकडे भाजीवाल्याची हाक ऐकू आली. शेवटी म्हणाली, "स्टँडवर येऊ नका. घरी असा."

रविवार, १२ ऑक्टोबर

शेवटचा वर्ग. आराखडे दाखवले. माझी पाळी आली तेव्हा मीही बोललो. काशीने पहिला नकाशा शेजारी ठेवायला लावला. खिशात घडी घातलेला तोच, फाटायला आलाय. मग ती म्हणाली, "स्टँडची जाड रेघ नव्यात दिसत नाय."

म्हटलं, "ओट्यावरून रस्ता दिसतो आता."

ती मान हलवून पुढच्याकडे वळली. निघताना मी तिला "येतो, काशीताई" म्हणालो. तोंडातून आपोआप गेलं. फागीने नागलीची रोपं लावलेला कोपरा दाखवला, कणसं भरलीत. येताना फडक्यात बांधून गवती चहाचा गड्डा दिला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वसुबारस.

४.३० चार वेळा झाडून झालं. ओट्यावर खुर्ची टाकून बसलोय. वही मांडीवर. रस्ता दिसतोय. कढीपत्त्याला नवी पानं आहेत.

४.५० आमटी करून ठेवली. कढीपत्ता जास्त पडला.

५.०० पाय आपोआप फाटकाकडे जातात. दोनदा जाऊन परत आलो. चौतीस वर्षं मी गाडी यायच्या आधी फलाटावर असायचो. आज गाडी कुठे आहे, मला माहीत नाही. नीलेशला फोन करायचा नाही असं ठरवलंय.

५.१२ नीलेशचाच फोन आला.

"साहेब, वहिनी उतरल्या. तुम्ही कुठंय?"

"घरी."

"घरी कसे? त्यांच्याबरोबर सामान आहे. दोन बॅगा, आणि डिकीत मशीन आहे."

"कसलं मशीन?"

"शिलाईचं. मीच नव्हती का पावती केली तेव्हा. चांगलंच जड आहे, साहेब, या ना तुम्ही."

मी चपला घातल्या. मग काढल्या.

"नीलेश, एक हमाल बघ," म्हटलं. "मला घरी थांबायला सांगितलंय."

५.२५ मधल्या खोलीत जाऊन खिडकीखालची जागा पुन्हा पुसून घेतली. ओट्यावर आलोय. वळणावर हमालाची हातगाडी दिसतेय, मागून ही, पदर खोचलेला, हळू चालते, गुडघे दुखत असणार. कल्याण गाडी किती वाजता आली ते लिहायचं राहिलं. दार उघडं आहे.